कान ऐकतो कसा, तोल सांभाळतो कसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐकणं आणि तोल ही दोन वेगळी कामं एकाच अवयवाकडे कशी?

कारण दोन्हीकडे मोजायचं एकच असतं, द्रवाची हालचाल. कानामागच्या कवटीच्या टणक हाडात द्रवाने भरलेल्या नळ्यांचा एक भुलभुलैया आहे, तो आंतरकर्ण. त्याच्या एका टोकाला गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली शंखिका, म्हणजे कॉक्लिया. तिथे ऐकण्याचं काम चालतं. दुसऱ्या टोकाला तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन छोट्या पिशव्या, तिथे तोलाचं. दोन्ही ठिकाणी केसपेशी बसलेल्या असतात. पेशीच्या माथ्यावरचे सूक्ष्म तंतू द्रवाबरोबर एका बाजूला झुकले की पेशीत विद्युतभारित कण शिरतात आणि नसेकडे संदेश जातो. शंखिकेतला द्रव आवाजाने हलतो, नलिकांमधला डोकं हलल्याने. म्हणूनच काही आजारांत बहिरेपण आणि चक्कर जोडीने येतात.

माणसाच्या शंखिकेतली केसपेशी मेली की तिच्या जागी नवी येत नाही. कोंबडीच्या कानात ती पुन्हा उगवते, आपल्या नाही. पुढच्या बऱ्याच उत्तरांत काळजीचा जो सूर दिसेल, तो याच कारणाने.

आवाज कानात शिरल्यावर नेमकं काय होतं?

बाहेरची पाळी आवाज गोळा करते. तिच्या घड्यांमुळे आवाज वरून आला की खालून, समोरून की मागून, याचाही अंदाज येतो. पुढे सुमारे अडीच सेंटीमीटर लांबीची नळी आहे. तिच्या लांबीमुळे ३,००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज आपोआप मोठे होतात. बोलण्यातली बरीच व्यंजनं कळायला नेमका हाच पट्टा लागतो.

नळीच्या टोकाला पडदा. सुमारे एक सेंटीमीटर व्यासाचा आणि जाडीने मिलीमीटरचा दहावा भाग. त्याच्या मागे हवेची पोकळी, म्हणजे मधला कान, आणि तिच्यात तीन हाडं: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम तीन मिलीमीटरची, शरीरातलं सगळ्यांत छोटं हाड.

ही हाडं नसती तर? विहिरीत बुडी मारल्यावर काठावरच्या माणसाचं बोलणं का ऐकू येत नाही, ते आठवा. हवेतला आवाज पाण्यावर आदळला की त्यातली सुमारे ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते. आंतरकर्णात द्रव आहे, म्हणजे तिथेही तेच झालं असतं. मधला कान ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो. पडद्याचा प्रत्यक्ष कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलीमीटर, तर रिकिबीचा तळ सुमारे ३.२. मोठ्या जागेवरचं बळ लहान जागेवर एकवटल्याने दाब साधारण १७ पट होतो. हातोडी आणि ऐरण यांच्या तरफेमुळे तो आणखी १.३ पट वाढतो. एकूण सुमारे २२ पट.

बारीक आवाज आणि जाड आवाज यांतला फरक कानाला कसा कळतो?

जागेवरून. शंखिका उलगडली तर सुमारे ३५ मिलीमीटर भरते. तिच्या आत लांबीभर एक पातळ पट्टी ताणलेली असते. ती रिकिबीजवळ अरुंद आणि ताठ, टोकाकडे रुंद आणि सैल. बासरीचा उंच सूर रिकिबीजवळचा भाग हलवतो, ढोलाचा ठेका टोकाकडचा. पट्टीवरून सरकणारी ही लाट गेओर्ग फोन बेकेशी यांनी दाखवून दिली आणि त्यासाठी त्यांना १९६१ चं नोबेल मिळालं.

पट्टीवर केसपेशींच्या रांगा असतात. आतल्या रांगेत सुमारे ३,५००, त्या मेंदूला बातमी देतात. बाहेरच्या तीन रांगांत मिळून सुमारे १२,०००. या बाहेरच्या पेशी आवाजाच्या तालावर स्वतः आखडतात आणि लांबतात. त्यामुळे क्षीण आवाज वाढतो आणि जवळजवळचे दोन सूर वेगळे ओळखता येतात. गोंगाट, वय आणि काही औषधं यांचा घाव बहुतेकदा आधी यांच्यावरच पडतो.

आजोबांना आवाज येतो, पण बोलणं कळत नाही. लक्ष देत नाहीत का?

लक्ष देत असतात. वयोमानाने आधी उंच सुरांच्या जागेवरच्या केसपेशी जातात. स्वर जाड आणि जोरकस असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, ट, त यांसारखी व्यंजनं मात्र बारीक आणि क्षीण असतात, ती गळतात. मग ‘सात’ आणि ‘साठ’ सारखंच वाटतं, ‘कात’ आणि ‘खात’ यांत फरक उरत नाही. कोणीतरी बोललं एवढं समजतं, काय बोललं ते नाही.

ओरडून उपयोग होत नाही. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं मागेच राहतात. शिवाय दुखावलेल्या कानाला मोठा आवाज लवकर असह्य होतो. आधी नाव घेऊन लक्ष वेधा. हातभर अंतरावर, तोंडावर उजेड पडेल असे समोर बसा आणि थोडं सावकाश बोला. टीव्ही आणि मिक्सर बंद ठेवा. वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा म्हणण्यापेक्षा शब्द बदलून सांगा.

कानठळ्या बसतात म्हणजे कानाला इजा होते का?

होते. फटाका कानाजवळ फुटला किंवा स्पीकरच्या भिंतीसमोर तासभर उभं राहिलं, की कान बधिर होतो आणि आत गुंईऽऽ असा आवाज घुमत राहतो. बहुतेकदा दुसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि माणूस ते विसरतो. २००९ साली उंदरांवर झालेल्या संशोधनात मात्र असं दिसलं की ऐकण्याची पातळी पूर्ववत आली तरी केसपेशी आणि नस यांच्यातले बरेच जोड कायमचे तुटलेले होते. म्हणजे साधी तपासणी निर्दोष येऊनही नुकसान झालेलं असू शकतं.

मधल्या कानात एक छोटा स्नायू आहे. मोठा आवाज आला की तो रिकीब ओढून धरतो. पण त्याला आवळायला सेकंदाचा काही शतांश ते दशांश भाग लागतो. तेवढ्यात फटाक्याचा धक्का आत पोचलेला असतो.

ढोल-ताशा किंवा डीजेसमोर किती वेळ थांबलं तर चालेल?

कामगारांसाठी वापरला जाणारा एक प्रचलित हिशोब असा: ८५ डेसिबल रोज ८ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास आणि १०० डेसिबलला १५ मिनिटं. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तुम्ही ८५ च्या वर आहात असं समजा.

पथकात वाजवणाऱ्यांनी, आणि ताशेवाल्यांनी तर नक्कीच, फोमचे इअरप्लग घालावेत. कापसाच्या बोळ्याने फारसं काही अडत नाही. प्लग घालायची पद्धत महत्त्वाची. बोटांत वळून तो बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन पाळी वर आणि मागे ओढा. प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. समोरून पाहिल्यावर तो कानाबाहेर डोकावत असेल, तर नीट बसलेला नाही. लहान मुलाला खांद्यावर घेऊन स्पीकरजवळ जाऊ नका. त्याचा कान तुमच्या कानापेक्षा स्पीकरच्या उंचीला येतो.

कानातला मळ काढायचा की नाही?

बहुतेकांनी नाही. मळ फक्त नळीच्या बाहेरच्या एक-तृतीयांश भागात तयार होतो. तो किंचित आम्लधर्मी असतो, पाणी आत झिरपू देत नाही आणि धूळ धरून ठेवतो. नळीची त्वचा आतून बाहेर सरकत राहते, साधारण नख वाढतं तितक्या सावकाश. तिच्याबरोबर मळ आपोआप बाहेर येतो. बड, काडी, हेअरपिन किंवा किल्ली घातली की तो पडद्याकडे ढकलला जातो. तिथे साठून घट्ट झाला की आंघोळीचं पाणी जाताच फुगतो आणि कान अचानक बंद होतो.

असा कान बंद झाला तर मळ मऊ करणारे थेंब तीन ते पाच दिवस घालून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे साफ करून घ्या. कान फुटलेला किंवा वाहत असेल, तर थेंबसुद्धा नकोत. पावसाळ्यात ओला कान बडने खरवडला की त्वचा सोलते आणि बुरशी धरते. प्रचंड खाज आणि ओल्या कागदासारखा पापुद्रा ही तिची खूण. आंघोळीनंतर मान कलती करून पाणी निथळू द्या आणि बाहेरचा भाग टॉवेलच्या टोकाने टिपा, एवढं पुरतं.

कान दुखला की लसणाचं गरम तेल घालतात. घालावं का?

घालू नये. दुखणं पडद्यामागचं असेल तर तेल तिथे पोचतच नाही. पडद्याला भोक असेल तर पोचतं, आणि तेच वाईट. तेल जास्त तापलं तर नळीची त्वचा भाजते. सर्दीनंतर दुखणाऱ्या कानाला वयाप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावं आणि डॉक्टरांना दाखवावं. तान्ह्या बाळाच्या कानातही मालिशचं तेल सोडू नये.

तेलाचा एक खरा उपयोग आहे. कानात किडा शिरला आणि पडदा शाबूत असल्याची खात्री असेल, तर कोमट खोबरेल तेलाचे काही थेंब घाला. किडा गुदमरून मरतो आणि फडफड थांबते. मग तो डॉक्टरांकडून काढून घ्या. मुलाने हरभरा किंवा मक्याचा दाणा घातला असेल तर पाणी घालू नका, दाणा फुगून अडकतो. खेळण्यातली बटण बॅटरी असेल तर कसलेही थेंब न घालता लगेच रुग्णालय गाठा. तिच्यामुळे काही तासांत त्वचा आणि पडदा जळतो.

घाटात आणि विमानात कानाला दडे का बसतात?

मधल्या कानातल्या हवेला बाहेरच्या हवेशी जोडणारी एकच वाट आहे, नाकाच्या मागे उघडणारी युस्टेशियन नळी. मोठ्या माणसात ती सुमारे साडेतीन सेंटीमीटरची. एरवी मिटलेली असते, गिळताना आणि जांभई देताना क्षणभर उघडते. महाबळेश्वराहून वाईला उतरताना बाहेरचा दाब वाढतो, आतला कमी राहतो आणि पडदा आत ओढला जातो. चढताना त्रास कमी, कारण आतली जादा हवा सहज बाहेर पडते.

उतरताना घोट-घोट पाणी प्या, गोळी चघळा. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकर मारली तरी कान उघडतात. हलकेच, कारण जोर लावला तर आंतरकर्णाला इजा होऊ शकते. विमान खाली येताना झोपू नका आणि बाळाला अंगावर पाजा. तारकर्ली-मालवणला स्कूबा करणाऱ्यांनी कान दुखायच्या आधीच, साधारण दर मीटरला, दाब सारखा करावा. उशीर झाला की नळी दाबली जाते आणि मग उघडत नाही. अशा वेळी थोडं वर यायचं. सर्दी असेल त्या दिवशी बुडी नकोच.

लहान मुलांमध्ये ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. म्हणून सर्दीत वरचेवर कान दुखतो, आणि आडवं झोपवून बाटली पाजल्यानेही हा धोका वाढतो.

सकाळी उठल्यावर एका कानाने ऐकूच येईना. वाट पाहू का?

मुळीच नाही. या पानावरचं सगळ्यांत निकडीचं उत्तर हेच आहे. मळ किंवा सर्दी असू शकते, पण केसपेशींना किंवा नसेला अचानक झालेली इजाही असू शकते, आणि तिच्यावरचे स्टेरॉईड पहिल्या काही दिवसांतच नीट काम करतात. दोन आठवड्यांनंतर फायद्याची आशा बरीच कमी होते.

घरी एक छोटी चाचणी करा. तोंड मिटून जाड आवाजात ‘म्म्म्म’ असं गुणगुणा. आवाज बंद कानात जास्त घुमला, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याची शक्यता अधिक. चांगल्या कानाकडे सरकला, तर संशय आतल्या कानावर. अशा वेळी त्याच दिवशी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. ‘सर्दीने असेल’ म्हणून थेंब घालत दहा दिवस काढणं ही नेहमी होणारी आणि फार महाग पडणारी चूक आहे.

फुगडी थांबवल्यावरही जग का फिरत राहतं?

तीन नलिका एकमेकींशी साधारण काटकोनात असतात. एक ‘हो’ म्हणताना हलते, एक ‘नाही’ म्हणताना, तिसरी मान खांद्याकडे कलवताना, असं ढोबळ मानानं म्हणता येईल. डोकं वळलं की नळी वळते, आतला द्रव क्षणभर मागे राहतो आणि वाटेतला जेलीसारखा पडदा वाकवतो. फुगडी चालू राहिली की काही वेळाने द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि पडदा सरळ होतो. तुम्ही थांबता, द्रव मात्र पुढे वाहतच राहतो. पडदा उलट्या बाजूला वाकतो, आणि मेंदूला वाटतं आपण उलटे फिरतोय.

सरळ रेषेतली चाल आणि गुरुत्वाकर्षण दोन पिशव्या ओळखतात. त्यांच्या केसपेशींवर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीतल्याच द्रव्याचे, सूक्ष्म स्फटिक बसलेले असतात. लिफ्ट सुटताना पोटात गोळा येण्याआधी बातमी यांनाच लागते.

तोलाच्या अवयवाचं आणखी एक काम नजर स्थिर ठेवणं. वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरून मान भरभर हलवा, अक्षरं वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून कागद तितक्याच वेगाने हलवा, अक्षरं पुसट होतात. पहिल्या वेळी कानाने डोळ्यांना सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत उलट दिशेला वळवलेलं असतं.

गाडी का लागते?

कान सांगतो वळणं चालू आहेत, मोबाइलकडे पाहणारे डोळे सांगतात सगळं स्थिर आहे. या भांडणातून मळमळ होते. पुढच्या सीटवर बसा, दूरच्या रस्त्याकडे पाहा, वाचू नका, डोकं टेकवून ठेवा. गोळी निघण्याआधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर नाही. चालवणाऱ्याला क्वचितच लागते, कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं.

कूस बदलली की खोली गरगर फिरते. काय झालं असेल?

आधी नेमकं काय होतं ते सांगायला शिका, निम्मं निदान त्यातच असतं. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं बहुधा रक्तदाबाचं. खोली फिरणं हे तोलाच्या अवयवाचं. आणि ते कूस बदलताना, आडवं होताना किंवा वर फडताळाकडे पाहताना, मिनिटभराच्या आत संपणारं असेल, तर पिशवीतले स्फटिक सुटून नलिकेत घुसलेले असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. ऐकण्यावर यात परिणाम होत नाही.

यावर गोळी नव्हे, डोक्याची ठरावीक हालचाल हा उपाय. जॉन एप्ली यांची ही पद्धत १९९२ च्या शोधनिबंधाने सर्वत्र पोचली. उजव्या कानाच्या मागच्या नलिकेसाठी ती अशी:

१. पलंगावर पाय लांब करून बसा, मान ४५ अंश उजवीकडे वळवा. आडवं झाल्यावर उशी खांद्यांखाली येईल अशी ठेवा.
२. झटकन मागे झोपा. डोकं थोडं खाली लोंबू द्या, तोंड उजवीकडेच. गरगर थांबेपर्यंत, किमान ३० सेकंद, थांबा.
३. डोकं न उचलता ९० अंश डावीकडे वळवा. पुन्हा ३० सेकंद.
४. सगळं अंग डाव्या कुशीवर घ्या, नाक जमिनीकडे. पुन्हा ३० सेकंद.
५. हनुवटी छातीकडे ठेवून डाव्या बाजूने पाय खाली सोडून उठा.

डाव्या कानासाठी दिशा उलट. पहिली वेळ डॉक्टरांसमोरच करा, कारण कोणता कान आणि कोणती नलिका हे डोळ्यांच्या थरथरीवरून त्यांनाच कळतं. मानेच्या मणक्यांचा आजार असेल तर घरी करू नका. फसतं ते बहुधा घाईने, स्फटिक खाली घरंगळायच्या आत पुढची पायरी घेतल्याने.

गरगरण्याबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले, हात-पाय लुळा पडला किंवा उभंच राहता येईना, तर तो पक्षाघात समजून तातडीने रुग्णालयात न्या.

चक्करीच्या गोळ्या महिनोन्महिने घ्याव्या का?

नाही. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन पहिल्या दोन-तीन दिवसांच्या उलट्या-गरगरीत उपयोगी. एका कानाचा तोल बिघडला तर मेंदू उरलेल्या कानाशी नव्याने जुळवून घेतो, पण त्यासाठी त्याला हालचाल लागते. गोळ्या हेच शिकणं लांबवतात, आणि वृद्धांमध्ये दीर्घकाळ घेतल्यास कंपवातासारखी लक्षणं आणतात.

बाळाला ऐकू येतं का, हे थाळी वाजवून कळेल?

नाही. थाळीचा आवाज फार मोठा असतो. अर्धवट ऐकणारं मूलही दचकतं, काही बाळं नुसत्या हालचालीकडे वळतात. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटा प्रोब ठेवून काही मिनिटांत होणारी ओएई चाचणी खरी. निरोगी कान स्वतः अगदी क्षीण आवाज परत सोडतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये दाखवलं. ही चाचणी तोच आवाज टिपते. ‘रेफर’, म्हणजे पुन्हा तपासा असा निकाल, आला म्हणजे बाळ बहिरं असा अर्थ नाही, जन्मावेळचा द्रव कानात असला तरी तसं येतं. पण पुन्हा तपासणी चुकवू नका. अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळाची नसेचा प्रतिसाद मोजणारी बेरा चाचणीही करावी, कारण नसेतला दोष ओएईत निसटतो.

पहिल्या महिन्यात प्राथमिक चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र असं वेळापत्रक धरा. ऐकण्याची भाषा मेंदू पहिल्या वर्षांतच बसवतो. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणी, यंत्र आणि वाचा-उपचार यांची सोय आहे.

श्रवणयंत्र घेतलं, पण कपाटात पडून आहे. कुठे चुकलं?

बहुधा सुरुवातीत. वर्षानुवर्षं न ऐकलेले भांड्यांचे, पंख्याचे आवाज एकदम येतात आणि माणूस कंटाळतो. पहिल्या आठवड्यात घरातच, शांत वेळी, रोज तीन-चार तास घाला, मग वाढवा. दोन-तीन आठवड्यांनी ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, जाऊन यंत्र पुन्हा जुळवून घ्या. शिट्टी येत असेल तर यंत्राचा कानात बसणारा साचा सैल आहे किंवा कानात मळ आहे. झिंक-एअर बॅटरीची पट्टी काढल्यावर एक-दोन मिनिटं थांबून मग ती बसवा, हवा आत गेल्यावरच ती पूर्ण ताकदीने चालते. कोकणातल्या पावसाळ्यात यंत्र रात्री सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत, बॅटरी काढून ठेवावं. दमट हवेने आवाज आधी खरखरतो, मग तुटक येतो आणि शेवटी बंद होतो.